पाच मिनिटं बसा, मग बीपी : आशाताईंसोबतच्या कामाच्या नोंदी

२ जुलै २०२४

सुरुवात कशी झाली ते आधी टिपून ठेवते. गेल्या महिन्याच्या बैठकीत बीपीचा पट्टा कसा बांधायचा ते दाखवायला मी समोर बसलेल्या, गावात घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या एका आशाताईंचाच दंड घेतला. आकडा आला १५२/९८. "मशीन बिघडलंय, मॅडम," ताई म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. दुसरं मशीन लावलं. १५०/९६. मग कुणी हसलं नाही.

वय अडतीस. गावातल्या तीस वर्षांवरच्या माणसांचे सीबॅक फॉर्म, म्हणजे कुणाला कुठल्या आजाराचा धोका आहे ते घरोघरी विचारून भरायचे कागद, याच ताईंनी भरलेत. कुणाला शुगर आहे, कोण तंबाखू खातं, कुणाच्या घरात बीपी आहे, सगळं तोंडपाठ. त्यांचा स्वतःचा फॉर्म मात्र कोरा. तो भरायला त्यांच्या दारात कोण जाणार?

म्हणून हे काम हाती घेतलं. आमच्या आणि शेजारच्या उपकेंद्राच्या मिळून अकरा आशाताई, त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताई आणि समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून मी. वैद्यकीय अधिकारी सरांशी बोलून झालं. मुदत दसऱ्यानंतरच्या बैठकीपर्यंत. पाहायचं एवढंच की वर्षानुवर्षांचा ताण अंगात मुरलाय हे आम्हाला ओळखता येतं का, आणि ओळखला तर जिवाला थोडी शांतता मिळेल असं काही कामाच्या दिवसातच बसवता येतं का. वहीत कुणाचं नाव नाही, वस्तीवरून ओळख : मळ्याच्या ताई, टेकावरच्या ताई, वेशीच्या ताई. पहिला आकडा ज्यांचा, त्या ओढ्याकडच्या ताई.

५ जुलै

पहिला प्रयत्न फसला.

शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ताण मोजायची एक प्रश्नावली केली. ती आजही जगभर वापरतात. तिची दहा प्रश्नांची आवृत्ती मी मराठीत उतरवून नेली. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण, एकूण चाळीस. "गेल्या महिन्यात तुम्हाला किती वेळा तणावग्रस्त वाटले?" या प्रश्नाला अकरापैकी नऊ जणींनी "कधीच नाही" वर खूण केली. एकीने विचारलं, "तणावग्रस्त म्हंजे पूरग्रस्तासारखं का?" प्रश्न अगदी रास्त होता. मराठी माझीच चुकली होती.

पण घरी येऊन कागद पुन्हा चाळले तेव्हा एक गोष्ट दिसली. दहातले चार प्रश्न उलट्या बाजूने विचारलेले असतात, म्हणजे "सगळं मनासारखं चाललंय असं किती वेळा वाटलं?" अशा धर्तीचे. त्यांनाही याच नऊ जणींचं उत्तर होतं "कधीच नाही". ताण कधीच नाही आणि मनासारखंही कधीच नाही. या दोन उत्तरांच्या मधेच मला जे शोधायचं होतं ते आहे. गुणांची बेरीज सोडून दिली. माझ्या कच्च्या भाषांतरावरून काढलेल्या आकड्याला अर्थ नाही.

११ जुलै

फॉर्म बाजूला ठेवून आज नुसतं विचारलं, "अंगात काय काय होतं?" आणि तासभर लिहीत बसले.

दुपारनंतर डोकं धरल्यागत होतं. मानेपासून खांद्यापर्यंत दगड ठेवल्यासारखं. फोन वाजला की छातीत धडधड, मग तो माहेरचा का असेना. पोटात जळजळ, चहा घेतला की बरं वाटतं आणि तासाभरानं पुन्हा तेच. पाळी पुढेमागे. रात्री साडेतीनला जाग येते आणि हिशेब सुरू होतो : कुणाच्या बाळाचा डोस राहिला, कुणाची तारीख भरत आली, बाळंतिणीच्या घरची चौदाव्या दिवसाची भेट झाली का. "जिवाला घोर लागून राहतोय, पण कशाचा त्ये सांगता येत न्हाई." मुलावर हात उगारला आणि मग रात्रभर स्वतःच रडले, हे एकीनं खाली बघत सांगितलं. वेशीच्या ताई म्हणाल्या, "हसायला येतं मॅडम, पण उशिरा येतं. सगळ्यांचं हसून झाल्यावर."

हे वाक्य मी दोनदा लिहून घेतलं.

आणि बोलता बोलता जवळजवळ प्रत्येकीच्या तोंडून आलं, "माझा स्वभावच तसला झालाय." इथं मी थांबले. दोन दिवसांचा ताप आजार म्हणून कळतो, कारण त्याच्या आधीचा दिवस आठवतो. सहा वर्षांची चिडचिड कुणाला आजार वाटत नाही. ती माणसाचं नाव होऊन बसते, "ती जरा तापटच आहे" म्हणून. घरच्यांच्या लेखी आणि तिच्या स्वतःच्याही.

म्हणून यापुढे एकच प्रश्न विचारायचा ठरवला : पाच वर्षांपूर्वी तुम्ही अशाच होता का? आज तो विचारला तेव्हा मळ्याच्या ताई गप्प झाल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मी गाणी म्हणायचे की."

२२ जुलै

मधले दिवस कंटेनर सर्व्हेत, म्हणजे घरोघरची पाण्याची भांडी डासांच्या अळ्यांसाठी तपासण्यात गेले. शिवाय लाडकी बहीण योजनेचे फॉर्म. गावातल्या बायका कागद घेऊन आशांच्याच दारात, कारण गावात विचारायला जवळचं माणूस तेच.

गेल्या आठवड्यात बेंदूर झाला. आमच्याकडे पोळ्याऐवजी बेंदूर. आदल्या दिवशी खांदेमळणी असते. जू घासून घासून बैलाचा खांदा निबर झालेला असतो, तिथं हळद आणि तूप चोळतात. टेकावरच्या ताई आज म्हणाल्या, "बैलाचा खांदा वर्सातनं एकदा तरी मळत्यात, मॅडम. आमचा?"

मी जे अर्धा तास समजावून सांगणार होते ते त्या एका वाक्यात आलं. मग बैलाच्या खांद्यावरूनच सगळं सांगितलं. हान्स सेली नावाच्या संशोधकानं १९३६ मध्ये मॉन्ट्रियलहून एक छोटं टिपण छापलं. उंदरांना थंडी द्या, जखम करा किंवा दमवून टाका, त्रास कुठलाही असला तरी त्यांच्या शरीरात खुणा साधारण त्याच सापडत होत्या : मूत्रपिंडावरच्या ग्रंथी सुजलेल्या, जठरात व्रण, प्रतिकारशक्तीशी संबंधित ग्रंथी आक्रसलेली. आधी शरीर दचकतं, मग जुळवून घेतं, आणि त्रास चालूच राहिला तर शेवटी थकून पडतं. फसवी असते ती मधली पायरी. जुळवून घेतलेलं शरीर बाहेरून ठणठणीत दिसतं. काम होतं, रिपोर्ट जातात, स्वयंपाक होतो. खांदा निबर झालाय, ओझं होतं तेवढंच आहे. या जुळवून घेण्याची किंमत शरीरात साचत जाते. ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये या साचलेल्या झिजेला ॲलोस्टॅटिक लोड असं नाव दिलं. रक्तदाब, साखर, पोटाभोवतीची चरबी, झोप, अशा अनेक वाटांनी ती बाहेर पडते.

ताईंना नाव लक्षात राहिलं नाही, राहायची गरजही नाही. "खांदा निबर झालाय" हा शब्द मात्र आजपासून आमच्यात रुळला.

२६ जुलै

आज सगळ्यांचं बीपी नीट, नियमानं. नियम आम्हाला सगळ्यांना पाठ आहे : अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, बोलायचं नाही, आणि मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं. ही शेवटची अट गर्दीच्या दिवशी आम्ही कधीच पाळत नाही. माणूस उन्हातून चालत आला की दंड पुढे, पट्टा, आकडा, पुढचा.

आज पाळली. फोन स्टीलच्या डब्यात गोळा केले आणि भिंतीला टेकून पाच खुर्च्या मांडल्या. पहिलं मिनिट सगळ्यांची चुळबुळ. एकीचा हात दोनदा कमरेच्या पिशवीकडे गेला. तिसऱ्या मिनिटाला मळ्याच्या ताईंची मान कलली आणि त्या चक्क झोपल्या. सकाळी अकरा वाजता, लाकडी खुर्चीत. वेशीच्या ताईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "काय झालं न्हाई. बसले म्हणून आलं."

या दोघी दिवसाला किती चालतात मला माहीत आहे. पाच मिनिटं काही न करता, कुणासाठी नाही, कुणाकडे बघत नाही, असं शेवटचं कधी बसलात हे विचारलं. बाळंतपणात, असं एकीनं सांगितलं. तिचा धाकटा आता सातवीत आहे.

आकडे : चौघी १४०/९० च्या वर. प्रकल्पासाठी मी श्वासाचे व्यायाम, चित्रांचे तक्ते, बरंच काही जमवून ठेवलं होतं. आज वाटलं की खरा प्रकल्प या खुर्च्यांतच आहे. बाकी सगळं त्या पाच मिनिटांच्या आत बसत असेल तर ठेवायचं.

२ ऑगस्ट

रक्ताचे रिपोर्ट आले. पाच जणींचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली, त्यात टेकावरच्या ताईंचं ८.४. एकीचा थायरॉइड बिघडलेला. म्हणजे थकवा, धडधड, केस गळणं, चिडचिड यातलं सगळंच काही मनाचं नव्हतं. हे मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहून ठेवते, कारण उलट बाजूची चूकही मी पाहिलेली आहे. बाई दमते म्हणाली की "टेन्शन घेऊ नका" सांगून वाटेला लावायचं आणि रक्त तपासायचंच नाही. आधी रक्त, शुगर, थायरॉइड, बीपी. मग ताणाचं बोलायचं.

पिशवीतून गावभर लोहाच्या गोळ्या वाटणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन ८.४. आज यापुढे लिहवत नाही.

ओढ्याकडच्या ताईंना सरांनी बीपीची गोळी सुरू केली.

९ ऑगस्ट

दीर्घ श्वसन. दोघींना गरगरलं, एकीच्या बोटांना मुंग्या आल्या. चूक माझी. मी "खोल श्वास घ्या" म्हणाले आणि ताईंनी सवयीप्रमाणे मनापासून, जोर लावून केलं. भराभर आणि खोल श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो आणि चक्कर येते. श्वास हळू हवा होता, त्याला जोर नकोच. सोडताना घेण्यापेक्षा थोडा लांब, नाकानं, पोट सैल सोडून. मोजायला सांगितलं होतं तेही चुकलं. मोजणं म्हणजे त्यांच्यासाठी आणखी एक रजिस्टर.

१३ ऑगस्ट

मोजणं काढून टाकलं. त्याऐवजी ज्याच्या त्याच्या ओठांवर जे आहे ते एका सोडत्या श्वासावर म्हणायचं. बहुतेकींनी विठ्ठलाचं नाव घेतलं. एक ताई घरून तसबीह घेऊन आल्या आणि त्यांच्या पद्धतीनं मणी ओढत बसल्या. टेकावरच्या ताईंनी सासूचं सांगितलं, जात्यावर ओवी म्हणताना ओळ संपेपर्यंत श्वास पुरवावा लागायचा, म्हणून दळताना त्या कधी धापा टाकायच्या नाहीत.

याला आधार आहे. २००१ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि योगातला मंत्र, दोन्ही म्हणताना माणसाचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो, आणि त्या लयीत रक्तदाब सांभाळणारी शरीराची प्रतिक्षिप्त यंत्रणा जास्त चांगली काम करते, असं त्यात दिसलं. आपल्याकडे लोणावळ्याला कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायचं काम सुरू केलं होतं, म्हणजे यंदा शंभर वर्षं झाली. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना वेगळाच आनंद झाला. बाहेरून काही आणून डोक्यावर लादलेलं नाही, आपल्या आजीकडचंच आहे, याचा.

खांद्यांसाठी एक गोष्ट वेगळी घेतली. खांदे कानांपर्यंत उचलून घट्ट आवळायचे, पाच आकडे धरायचे आणि एकदम सोडून द्यायचे. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी स्नायू आधी ताणून मग सैल सोडायची जी रीत रूढ केली तिचा हा एक तुकडा. आमच्याकडे तिचं नाव पडलं खांदेमळणी.

१६ ऑगस्ट

एका ताईंना शांत बसवतच नाही. डोळे मिटले की दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हद्दीत दगावलेलं बाळ समोर येतं. सातव्या दिवसाच्या भेटीला त्याचं वजन त्यांनीच केलं होतं. नंतर चौकशी झाली, उत्तरं त्यांनी दिली, कागद पूर्ण झाले. त्यांना कसं वाटतंय हे मात्र कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी तेव्हा इथंच होते.

शांतता सगळ्यांना एकाच दारानं मिळत नाही, हे आज शिकले. त्यांना डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीवर दाबून, अंगणातल्या लिंबाकडे बघत बसायला सांगितलं. तेही नको वाटलं तर उठून चालायचं. सीबॅकच्या फॉर्ममध्ये मनाबद्दलचे दोन प्रश्न असतात : कशात रस वाटत नाही का, आणि उदास, निराश वाटतं का. ते दोन्ही प्रश्न त्या गावाला विचारत आल्यात. आज मी त्यांना विचारले. दोन्हींचं उत्तर "जवळजवळ रोज". जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. नाही म्हणाल्या. जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागाची वेळ घेतली, मी सोबत जाणार. मधल्या काळासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर त्यांच्याच फोनवरून लावून दिला, मराठीत बोलता येतं हे त्यांना स्वतःच्या कानांनी कळावं म्हणून. जप आणि खुर्ची हे यावरचे उपचार नव्हेत.

२२ ऑगस्ट

आजची नोंद लांबणार.

गटप्रवर्तक ताई म्हणाल्या, "मॅडम, पाच मिनिटं बसवताय ते चांगलंच. पण रात्री दहाला मेसेज आला की ते पाच मिनिटांचं सगळं फिटतं." कुणाचा मेसेज, विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत.

घरी येऊन ग्रुप उघडला आणि मागं मागं गेले. जुलै महिन्यात रात्री नऊनंतर माझेच तेवीस मेसेज. सतरांमध्ये "अर्जंट". एका रात्री सव्वाअकराला मी लिहिलंय, "सर्वांनी आत्ताच आकडे टाकावेत." ते आकडे मी दुसऱ्या दिवशी दुपारी पुढे पाठवलेले आहेत.

मला वरून विचारणा होते, मी घाबरते आणि ती भीती जशीच्या तशी अकरा घरांत पाठवून देते. तिथं कुणी मुलाला झोपवत असतं. कुणाचा नवरा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला परराज्यात असतो आणि त्याचा फोन यायची तीच वेळ असते. शरीराला दिवस संपल्याची खूण लागते. कॉर्टिसॉल सकाळी सगळ्यात जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी, ही त्याची नेहमीची चाल आहे. रात्री साडेदहाला "अर्जंट" वाचलेल्या बाईचा दिवस संपतच नाही. साडेतीनच्या जागेपणाचा एक धागा माझ्या बोटापर्यंत येतो हे मान्य करायला मला आज रात्रीचे दोन तास लागले.

सरांना सकाळी भेटणार. मागणी तीन : सायंकाळी सहानंतर ग्रुपवर फक्त बाळंतपण आणि तातडीचा रुग्ण, तेही फोन करून. आकडे आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी. "अर्जंट" हा शब्द मी वापरायचा नाही.

२३ ऑगस्ट

सर पहिल्या दोन गोष्टींना हो म्हणाले. वरून काही आलंच तर ते मला एकटीला फोन करतील. तिसरी माझ्याच हातात आहे.

१० सप्टेंबर

गणपती. काम जेमतेम. खुर्च्या मात्र दर मंगळवारी मांडल्या जातात, मी नसले तरी. ग्रुपवर रात्री शांतता आहे. पहिला आठवडा ताईंनाच चुकल्याचुकल्यासारखं झालं, दोघींनी "मॅडम बऱ्या आहेत ना?" म्हणून फोन केला.

२४ सप्टेंबर

ओढ्याकडच्या ताईंचं बीपी १३४/८६. आनंदानं सांगितलं तर म्हणाल्या, "मग गोळी बंद केली त्ये बरंच झालं." चार दिवसांपासून घेतच नव्हत्या. झोप लागते, डोकं दुखत नाही, आता गोळी कशाला, असा त्यांचा हिशेब. मी बसून समजावलं. गोळीनं आणलेला आकडा गोळी थांबवली की परत चढतो, आणि चढताना सांगून चढत नाही. शांत बसणं गोळीच्या जोडीला आहे. कमी करायची का ते सर ठरवतील. पुन्हा सुरू केली. पुढच्या बैठकीत हे सगळ्यांना सांगायचं.

अंगणातल्या लिंबाकडे बघत बसणाऱ्या ताई जिल्ह्याच्या ठिकाणी दोनदा जाऊन आल्या. औषध सुरू आहे. बोलतात थोडं. मी जास्त विचारत नाही.

८ ऑक्टोबर

नवरात्र. उपास करून दिवसभर चालणाऱ्या तिघींना खजूर आणि शेंगदाणे. टेकावरच्या ताईंचं हिमोग्लोबिन ८.४ वरून ९.९. आनंद झाला. अजून बाराला बरंच अंतर आहे.

मळ्याच्या ताई आज खुर्चीत झोपल्या नाहीत. पाच मिनिटं जाग्या बसल्या.

१५ ऑक्टोबर

मुदत संपली. सरांना द्यायच्या कागदात मी मोजकं लिहिलंय. अकरा जणींवरून काही सिद्ध होत नाही आणि त्यातल्या निम्म्यांना लोह, थायरॉइड किंवा बीपीचे उपचारही सोबत चालू होते, त्यामुळे कशानं किती फरक पडला हे वेगळं काढता येणार नाही. मागणी एकच केली आहे : दर बैठकीची सुरुवात खुर्च्यांनी व्हावी आणि दर तीन महिन्यांनी आशांचं बीपी, दरवर्षी रक्त, हे त्यांच्या नावाच्या कार्डावर यावं. आशा हे काम २००५ पासून चालू आहे. तपासणी करणाऱ्यांचं स्वतःचं कार्ड अजून आमच्या कपाटात नव्हतं.

आज तपासणीचा दिवसही होता, बाहेर रांग लागलेली. मळ्याच्या ताई दारातच उभ्या राहून आलेल्या माणसांना बाकावर बसवत होत्या. "पाच मिनिटं. बोलायचं न्हाई. फोन खिशात." एक आजोबा घाई करत होते, त्यांनाही बसवलं. मी आत रजिस्टर शोधत होते, कुठं ठेवलं ते सापडत नव्हतं, फोन दोनदा वाजून गेला होता. ताई आत आल्या, माझ्या हातातलं कपाटाचं दार हळूच लावलं आणि रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं.

"मॅडम, तुमचं कार्ड कुठाय?"

नव्हतं. ताईंनी नवं घेतलं, वर माझं नाव घातलं. पाच मिनिटांनंतर १३८/८८. पुढची तारीख १२ नोव्हेंबर.